मंगळाचा खरा रंग

मंगळाला आपल्या जुन्या ग्रंथांत लोहितांग आणि अंगारक अशीं नांवें दिलेलीं आढळतात. लोहितांग म्हणजे तांबड्या अंगाचा आणि अंगारक म्हणजे निखारा. रात्रीच्या आकाशांत नुसत्या डोळ्यांनीं त्या तांबूस बिंदूकडे पाहणाऱ्यास मंगळाच्या रंगाविषयीं शंका घेण्याचें कांहींच कारण नव्हतें. शंका उत्पन्न झाली ती मनुष्यानें पाठविलेलीं यंत्रें प्रत्यक्ष मंगळाच्या भूमीवर उतरल्यानंतर. दुरून सोपा वाटणारा हा प्रश्न जवळ जातांच बिकट झाला. कारण रंग ही केवळ वस्तूच्या अंगची गोष्ट नव्हे. वस्तु, तिच्यावर पडणारा उजेड आणि पाहणारा डोळा या तिघांच्या संयोगानें रंग सिद्ध होतो. मंगळावर वस्तु परकी, उजेडहि परका, आणि डोळा तर तेथें नाहींच. त्याच्या जागीं यंत्र आहे. अशा स्थितींत खरा रंग शोधून काढावयाचा कसा, आणि तो खरा असल्याची खात्री कशी पटवावयाची, हा या भाषणाचा विषय आहे.

ता. २० जुलै १९७६ रोजीं अमेरिकेचें व्हायकिंग १ हें यान मंगळावरील क्रिसी प्लॅनिशिया नांवाच्या मैदानांत सुखरूप उतरलें. दुसऱ्याच दिवशीं तेथून पहिलें रंगीत चित्र आलें आणि तें घाईघाईनें तयार करून पत्रकारांना दाखविण्यांत आलें. त्या चित्रांत भूमि तांबूस-तपकिरी होती आणि तिच्यावर फिकट निळें आकाश पसरलेलें होतें. पाहणारांना तें दृश्य एकदम ओळखीचें वाटलें. पृथ्वीवरील एखाद्या ओसाड वाळवंटांतच तें घेतलें असावें असें कोणालाहि वाटलें असतें. परंतु थोड्याच अवधींत हिशेब पुन्हा तपासला गेला, आणि आकाश निळें नसून गुलाबीकडे झुकणाऱ्या पिवळसर छटेचें आहे असें ठरलें. जेम्स पोलॅक या शास्त्रज्ञानें ही दुरुस्ती पत्रकारांपुढें मांडली, तेव्हां त्यांच्यापैकीं कांहींनीं नापसंतीचे आवाज काढले. मंगळ अगदीं पृथ्वीसारखा असावा ही आपली जी इच्छा आहे, तीच या नापसंतींत प्रकट झाली, अशा अर्थाचा अभिप्राय कार्ल सेगन यांनीं दिला. व्हायकिंगचें यंत्र बिघडलेलें नव्हतें. आंकडे मंगळावरून आले होते. आकाशाचा निळा रंग मात्र पृथ्वीवर मिसळला गेला होता.

हें कसें घडलें तें कळण्यास कॅमेरा रंग कसा टिपतो हें प्रथम पाहिलें पाहिजे. कॅमेऱ्यांतील प्रकाशसंवेदी पटलाला रंग कळत नाहीं. किती उजेड पडला एवढेंच कळतें. रंग हवा असेल तर त्याच दृश्याचीं निदान तीन चित्रें वेगवेगळ्या रंगांच्या कांचांमधून, म्हणजे फिल्टरांमधून, घ्यावीं लागतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं १८६१ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें ही युक्ति प्रथम दाखविली. चौकटींच्या स्कॉटिश कापडाच्या एका फितीचीं छायाचित्रें थॉमस सटन यांनीं तांबड्या, हिरव्या आणि निळ्या द्रवांतून घेतलीं होतीं. मॅक्सवेल यांनीं तीं चित्रें त्या त्या रंगाच्या उजेडानें एकाच पडद्यावर एकावर एक पाडलीं, आणि पडद्यावर फीत रंगीत दिसूं लागली. आज मंगळावरून येणाऱ्या प्रत्येक रंगीत चित्राच्या मुळाशीं हीच पद्धति आहे.

परंतु मॅक्सवेल यांच्या या प्रयोगांत एक गंमत दडलेली होती व ती पुढें शंभर वर्षांनीं उघडकीस आली. १८६१ सालच्या छायाचित्रणाच्या कांचांना तांबडा प्रकाश जवळजवळ लागतच नसे. मग तांबड्या फिल्टरांतून चित्र उमटलें कसें? कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेंतील राल्फ एव्हन्स यांनीं १९६१ सालीं या कोड्याचा उलगडा केला. तांबडा द्रव डोळ्याला न दिसणारे अतिनील किरणहि आरपार जाऊं देत होता, आणि फितींतील तांबडा रंग ते किरण परावर्तित करीत होता. अर्थात् जें चित्र तांबड्या प्रकाशाचें म्हणून दाखविलें गेलें तें बऱ्याच अंशीं अदृश्य प्रकाशाचें होतें. उत्तर बरोबर आलें, पण तें योगायोगानें. फिल्टरच्या नांवावरून त्यांतून काय येतें हें ठरत नाहीं. तें मोजूनच ठरवावें लागतें.

व्हायकिंगच्या बाबतींत हीच अडचण उलट टोंकानें आली. त्याच्या प्रत्येक कॅमेऱ्यांत बारा प्रकाशसंवेदी घटक होते. त्यांपैकीं तीन निळ्या, हिरव्या व तांबड्या प्रकाशासाठीं, आणि आणखी तीन तांबड्याच्या पलीकडील अवरक्त प्रकाशासाठीं होते. यानाचा आरसा खालींवर हलून दृश्याची एकेक उभी रेघ वाचीत असे. दृश्य रंगांसाठीं नेमलेले घटक आपापल्या मर्यादेबाहेरचा, विशेषतः अवरक्त, प्रकाशहि थोडाबहुत टिपीत असत. तो भाग हिशेबानें वजा करावा लागे. शिवाय तिन्ही चित्रें एकत्र करतांना कोणत्या रंगाला किती वजन द्यावयाचें, हें पहिल्या दिवशींच्या घाईंत नीट ठरलेलें नव्हतें. आंकड्यांनीं जेथें मार्ग दाखविला नाहीं, तेथें संवयीनें दाखविला. आणि पृथ्वीवरील मनुष्याची संवय आकाश निळें असावें हीच.

वास्तविक मंगळाच्या आकाशानें निळें असण्याचें कारण नाहीं. तेथील हवेचा दाब पृथ्वीच्या हवेच्या दाबाच्या एक टक्क्याहूनहि कमी आहे. आपलें आकाश ज्यामुळें निळें दिसतें, ती हवेच्या रेणूंनीं केलेली प्रकाशाची विखुरणी इतक्या विरळ वातावरणांत फारच थोडी होते. तेथें आकाशाचा रंग ठरवितात ते हवेंत सदैव तरंगणारे धुळीचे सूक्ष्म कण. या धुळींत लोखंडाचा गंज असतो; आपल्याकडील गेरूचा तांबडेपणा ज्या द्रव्यामुळें येतो त्याच कुळांतील हें द्रव्य आहे. तें निळा प्रकाश गिळतें आणि तांबडा-पिवळा परत फेंकतें. मात्र मावळत्या सूर्याच्या अगदीं भोंवतीं मंगळाचें आकाश निळसर दिसतें. कारण हे कण निळा प्रकाश फारसा न वळवितां समोरच्या दिशेनें पुढें ढकलतात. स्पिरिट या फिरत्या यानानें ता. १९ मे २००५ रोजीं गुसेव्ह विवरांतून असा सूर्यास्त टिपला. तें चित्र ७५०, ५३० आणि ४३० नॅनोमीटरच्या फिल्टरांनीं घेतलें असून मनुष्यास दिसेल त्यापेक्षां रंग किंचित् भडक आहेत, असें तें प्रसिद्ध करतांना सांगण्यांत आलें होतें. हा प्रामाणिकपणा व्हायकिंगच्या अनुभवांतून आलेला होता.

स्पिरिट आणि त्याचें जुळें यान ऑपॉर्च्युनिटी हीं दोन्ही जानेवारी २००४ मध्यें मंगळावर उतरलीं. त्यांच्या उंच दांड्यावर डाव्या व उजव्या डोळ्याप्रमाणें दोन कॅमेरे होते आणि प्रत्येकापुढें आठ जागांचें फिल्टरांचें चाक होतें. डाव्या चाकावरील सहा फिल्टर ४३२ पासून ७५३ नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टप्प्याटप्प्यानें निवडीत. मनुष्याचा डोळा सुमारें ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतच पाहतो, हें येथें लक्षांत ठेवलें पाहिजे. प्रत्येक चित्रांत १०२४ गुणिले १०२४ बिंदु असत, आणि प्रत्येक बिंदूची उजळता ४०९६ पायऱ्यांत मोजली जाई. पृथ्वीकडे संदेश पाठविण्याची सोय मर्यादित असल्यामुळें हें माप पुष्कळदां २५६ पायऱ्यांत बसवून व आणखी आटवून पाठवावें लागे. चित्रें एकामागून एक घेतलीं जात. तेवढ्या अवधींत सूर्य सरकला तर सावल्यांच्या कडांवर खोट्या रंगाची किनार उमटे.

या सगळ्या अडचणींवर उतारा म्हणून यानाच्या पाठीवर एक छोटी कसोटी बसविलेली होती. सोनार ज्याप्रमाणें सोन्याचा कस दगडावर घांसून पाहतो, त्याप्रमाणें शास्त्रज्ञ मंगळाच्या रंगाचा कस या कसोटीवर पाहत. ती एक छायायंत्राच्या आकाराची तबकडी होती. मध्यभागीं शंकु, म्हणजे उभा खुंटा. भोंवतीं फिक्या-गडद करड्या रंगाचीं वर्तुळें. आणि चार कोंपऱ्यांत तांबडी, पिवळी, हिरवी व निळी अशा चार वड्या. यांतील प्रत्येक भाग कोणत्या लांबीचा प्रकाश किती परतवितो हें यान निघण्यापूर्वीं पृथ्वीवर काटेकोरपणें मोजून ठेवलेलें होतें. तबकडीवर "दोन जगें, एक सूर्य" या अर्थाचे इंग्रजी शब्द कोरलेले होते.

या कसोटीचा उपयोग एका साध्या उदाहरणानें समजेल. समजा, एक करडें वर्तुळ पडलेल्या प्रकाशापैकीं बरोबर निम्मा प्रकाश परतवितें, मग तो कोणत्याहि रंगाचा असो. तांबड्या फिल्टरांतून पाहतां त्या वर्तुळाच्या जागीं १००० हा आंकडा आला आणि शेजारच्या दगडाच्या जागीं ४००. म्हणजे दगड तांबड्या प्रकाशाचा पांचवा हिस्सा परतवितो. आतां निळ्या फिल्टरांतून वर्तुळाच्या जागीं ६०० व दगडाच्या जागीं ६० असे आंकडे आले; म्हणजे दगड निळ्या प्रकाशाचा अवघा विसावा हिस्सा परतवितो. दगडाचा स्वतःचा तांबडेपणा एकास चार या प्रमाणाचा ठरला. कसोटी नसती आणि नुसते ४०० व ६० हेच आंकडे हातीं असते, तर तोच दगड निळ्याच्या जवळजवळ सातपट तांबडा आहे असें वाटलें असतें. हा जास्तीचा तांबडेपणा दगडाचा नव्हे. कांहीं उजेडाचा, कांहीं कॅमेऱ्याचा. शंकूची सावलीहि येथें उपयोगी पडे. उन्हांतील वर्तुळावर सूर्याचा आणि आकाशाचा असा दोन्ही उजेड पडतो. सावलींतील भागावर केवळ आकाशाचा. दोहोंची तुलना केली कीं धुळीनें भरलेल्या आकाशाचा वांटा वेगळा काढतां येतो.

हळूंहळूं मंगळाची धूळ या कसोटीवरहि बसूं लागली आणि जिनें रंगांची साक्ष द्यावयाची ती स्वतःच गेरूनें माखली. साचलेल्या धुळीचा परिणाम किती, याचें गणित मांडून शास्त्रज्ञांनीं ती धूळ हिशेबापुरती झाडून काढली. पुढें ६ ऑगस्ट २०१२ रोजीं उतरलेल्या क्युरिऑसिटी यानावर त्याच प्रकारची कसोटी बसवितांना वड्यांच्या खालीं लहान लोहचुंबक ठेवले, कारण मंगळाची धूळ चुंबकाकडे ओढली जाते. ती कडेला गोळा होऊन मधला भाग बराचसा स्वच्छ राहतो.

याच कसोटीनें २००४ सालीं एक वादहि उभा केला. स्पिरिटच्या पहिल्या कांहीं चित्रांत तबकडीवरील निळी वडी चक्क गुलाबीसर दिसली. निळी वडी गुलाबी करणारे लोक आकाशाचा रंगहि बदलीत असतील, असा संशय कित्येकांनीं उघड बोलून दाखविला. खरें कारण निराळें होतें. भूगर्भशास्त्रज्ञांच्या सोयीसाठीं पुष्कळ चित्रें ७५३, ५३५ व ४३२ नॅनोमीटरच्या तीन फिल्टरांनीं घेतलीं जात. त्यांतील पहिला फिल्टर मनुष्याच्या डोळ्याच्या मर्यादेपलीकडचा, म्हणजे अवरक्त. परंतु चित्र जुळवितांना त्याला तांबड्याच्या जागीं बसवीत. वडींतील निळें द्रव्य कोबाल्ट धातूचें होतें व तें अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणावर परतवितें. डोळ्याला जी निळी, ती या फिल्टरला लख्ख. मॅक्सवेल यांच्या फितीची कथाच येथें पुन्हा घडली. तेथें अदृश्य प्रकाशानें उत्तर सुधारलें, येथें बिघडविलें, एवढाच फरक. संशय घेणारांनीं कसोटीकडे पाहिलें हें योग्यच केलें. तिचें काम तेंच असतें. त्यांची चूक एवढीच, कीं चित्र कोणत्या प्रकाशानें घेतलें हें न पाहतां त्यांनीं निकाल दिला.

मग डोळ्याप्रमाणें रंग मिळवावयाचा कसा? त्यासाठीं तीन फिल्टरांवर न थांबतां सहाहि फिल्टरांचे आंकडे घेतात आणि त्यांमधून प्रत्येक बिंदूच्या प्रकाशाची अखंड वक्ररेषा काढतात. मग ती रेषा मनुष्याच्या डोळ्याच्या मापाशीं जुळवितात. हें माप १९३१ सालीं आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानें ठरविलें. राइट व गिल्ड या दोन इंग्रज संशोधकांनीं माणसांना रंगांच्या जोड्या जुळवावयास लावून केलेले प्रयोग त्याच्या मुळाशीं आहेत. डोळ्याच्या रंगज्ञानाचें वर्णन तीन वक्ररेषांनीं करतां येतें. दगडाकडून आलेला प्रकाश त्या तीन रेषांनीं मोजला कीं तीन संख्या मिळतात, व त्या संख्यांवरून छापील कागदावर किंवा पडद्यावर रंग उमटवितां येतो. मंगळावर डोळा नव्हता. तो अशा रीतीनें गणितांतून उभा केला जातो.

नव्या यानांत हें काम पुष्कळ सुलभ झालें आहे. क्युरिऑसिटीच्या मुख्य कॅमेऱ्यांत प्रत्येक बिंदूवरच तांबडी, हिरवी अथवा निळी सूक्ष्म गाळणी बसविलेली आहे, त्यामुळें एकाच क्षणीं रंगीत चित्र मिळतें. ही रचना कोडॅकमधील ब्राइस बायर यांची. तिचें अमेरिकन पेटंट मंजूर झालें तें २० जुलै १९७६ रोजीं, म्हणजे व्हायकिंग १ मंगळावर उतरलें त्याच दिवशीं. तरीहि कसोटी नव्या यानांवरहि आहेच. गाळणी कितीहि सूक्ष्म केली तरी उजेडाचा प्रश्न सुटत नाहीं.

लुगडें घेण्यास गेलेली चतुर स्त्री दुकानांतील दिव्याच्या उजेडावर विश्वास ठेवीत नाहीं. ती लुगडें दाराशीं आणून दिवसाच्या उजेडांत पारखते. तिच्या दृष्टीनें खरा रंग तो, जो उन्हांत दिसतो. मंगळाच्या चित्रांना हीच रीति लावली तर उजेडांतील पिवळेपणा हिशेबानें काढून टाकून तेथील दगड पृथ्वीच्या उन्हांत कसे दिसले असते तें दाखवितां येतें. भूगर्भशास्त्रज्ञाला हेंच चित्र हवें असतें, कारण दगड ओळखण्याची त्याची नजर पृथ्वीवरील उन्हांत तयार झालेली असते. परंतु या हिशेबानें आकाश पुन्हा निळसर होऊं शकतें. उलट, मंगळावर उभ्या असलेल्या मनुष्यास जो प्रकाश मिळाला असता तोच दाखविला, तर सारें दृश्य पिवळट-तांबूस दिसतें. हें दुसरें चित्र अधिक खरें म्हणावें, तर तेलाच्या दिव्याच्या पिवळ्या उजेडांतहि पांढरें धोतर आपल्याला पांढरेंच वाटतें. मंगळावर कांहीं काळ राहिलेल्या मनुष्याचा डोळाहि तेथील उजेडाला असाच सरावेल. म्हणून नुसता "खरा रंग" हा शब्द अपुरा आहे. कोणत्या उजेडांतला आणि कोणत्या डोळ्याचा, हें सांगितलें कीं दोन्हीं चित्रें खरीं. तें न सांगितलें कीं दोन्हीं फसवीं.

जाणूनबुजून बदललेले रंगहि याच न्यायानें पाहावे. ऑपॉर्च्युनिटीला मेरिडियानी मैदानांत खनिजाच्या लहान लहान गोळ्या विखुरलेल्या आढळल्या. रंग ताणून दाखविलेल्या चित्रांत त्या निळ्या दिसत, म्हणून त्यांना एका निळ्या फळाचें नांव पडलें. प्रत्यक्षांत त्या करड्या आहेत. परंतु ताणलेल्या रंगामुळेंच त्या भोंवतालच्या मातींतून उठून दिसल्या. त्यांत हेमेटाईट हें लोहखनिज आहे असें ठरलें आणि त्या जागीं पूर्वीं पाणी होतें या अनुमानास बळ मिळालें. येथें चित्राचा रंग खोटा होता, पण ज्ञान खरें होतें. कारण रंग ताणलेला आहे हें लपविलेलें नव्हतें.

आणि खऱ्या रंगावांचून जें कळलेंच नसतें असें एक उदाहरण क्युरिऑसिटीनें दिलें. फेब्रुवारी १९७६ नंतर, म्हणजे व्हायकिंगच्या वर्षानंतर, सदतीस वर्षांनीं, २०१३ सालच्या फेब्रुवारींत, या यानानें गेल विवरांतील एका खडकाला सुमारें १.६ सेंटिमीटर रुंद आणि ६.४ सेंटिमीटर खोल भोंक पाडलें. खडकाचा पृष्ठभाग तांबूस होता. भोंकाभोंवतीं जमलेला भुगा मात्र करडा निघाला. तांबडेपणा वरवरचा, गंजाचा. आंतला खडक त्या गंजण्यांतून वांचलेला होता. भुग्याच्या रासायनिक परीक्षेंत चिकणमातीचीं खनिजें सांपडलीं, आणि तेथें एके काळीं सूक्ष्म जीवांना मानवेल असें पाणी होतें असा निष्कर्ष मार्च २०१३ मध्यें जाहीर झाला. तांबडें आणि करडें यांतील हा भेद म्हणजे शास्त्रज्ञांना मिळालेली पहिली खूण. चित्रांतला करडा रंग भरंवशाचा नसता तर ती खूण उजेडाचा खेळ म्हणून सोडून द्यावी लागली असती.

ता. १८ फेब्रुवारी २०२१ रोजीं उतरलेल्या पर्सिव्हरन्स यानानें मंगळाच्या खडकांचे नमुने नळ्यांत भरून ठेवले आहेत. ते पृथ्वीवर आणले गेले, तर ज्या दगडांचे रंग आजवर केवळ हिशेबानें सांगितले गेले, ते प्रयोगशाळेच्या खिडकीशीं धरून पाहतां येतील. तो दिवस रंगांच्या या साऱ्या गणिताच्या परीक्षेचा असेल. परंतु त्या दिवशींहि ते दगड दिसतील ते पृथ्वीच्या उन्हांत. धुळीनें भरलेल्या त्या पिवळट आकाशाखालीं ते कसे दिसतात, हें सांगण्यास यानावरील हातभर अंतरावरची ती छोटी कसोटी आणि तिच्यावरून केलेला हिशेब, एवढेच साक्षीदार उरतील.